संकट दिसताच मेंदू काय करतो?

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून, रुग्णालयाच्या व्यासपीठावर खेकडा, माशी, उंदीर आणि माकड यांचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर रुग्णांचे नातेवाईक आम्हांला वारंवार विचारतात त्या दोन प्रश्नांत आहे. पाणंदीत बिबट्या समोर आला, महामार्गावर वाहन अंगावर आले, सड्यावर पायाशी फुरसे दिसले, अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाविषयी घरची मंडळी विचारतात, "डॉक्टर, हा पळाला का नाही? नुसता खांबासारखा उभा कसा राहिला?" आणि काही महिन्यांनी तीच मंडळी विचारतात, "संकट तर केव्हाच टळले, मग आता हा उगाच कशाला घाबरतो?" दोन्ही प्रश्न मायेपोटी विचारलेले असतात, परंतु दोहोंतही, या माणसात काहीतरी कमी आहे, असा सूर नकळत उमटतो. तो सूर निराधार आहे, हे प्राण्यांच्या मेंदूच्या अभ्यासातून आज बऱ्याच स्पष्टपणे दाखवता येते. तेवढेच करण्याचा माझा आज प्रयत्न आहे.

प्रारंभ आपल्या दारातल्याच एका दृश्याने करू. काजळी नदी समुद्राला मिळते त्या भाट्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर लहान लहान खेकडे चरत असतात. त्यांतील एका जातीच्या नराची एक नांगी इतकी मोठी असते की ती त्याच्या अंगाला शोभत नाही. आपण काठावरून दोन पावले पुढे टाकली की क्षणार्धात सारा चिखल ओस पडतो; प्रत्येक खेकडा आपापल्या बिळात गेलेला असतो. या खेकड्यांचे डोळे उंच देठांवर असतात आणि सपाट चिखलावर वावरणाऱ्या या जीवाचा नियम अगदी साधा असतो. डोळ्याच्या पातळीच्या खाली जे हलते ते बहुधा आपल्यासारखेच दुसरे खेकडे. त्या पातळीच्या वर जे हलते ते आपल्याहून मोठे, म्हणजेच धोक्याचे. चरताना खेकडा बिळापासून किती व कोणत्या दिशेने दूर आलो याचा हिशेब सतत ठेवत असतो. त्यामुळे बीळ नजरेस पडत नसले तरी तो सरळ रेषेत तेथे पोहोचतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या चिखलपठारांवर याच कुळातील खेकड्यांपुढे दोरीवरून सरकणारा खोटा पक्षी नेऊन संशोधकांनी निरीक्षणे केली. बिळापासून दूर असलेला खेकडा लवकर पळतो, बिळाच्या तोंडाशी असलेला उशिरा पळतो, असे त्यांत दिसून आले. म्हणजे पळणे हे केवळ 'दिसले की पळ' असे नसते. १९८६ साली यडनबर्ग आणि डिल या दोन शास्त्रज्ञांनी हाच विचार पलायनाचे अर्थशास्त्र म्हणून मांडला होता. पळण्याला किंमत पडते. घास अर्धा राहतो, जोडीदार जातो, शक्ती खर्च होते. आकाशात घार दिसली म्हणून दिवसभर बिळात बसणारा खेकडा घारीच्या तावडीत सापडणार नाही, पण उपाशी मरेल. म्हणून धोका किती आणि आसरा किती दूर, यांचा मेळ घालूनच प्राण्याचा मेंदू पळण्याची वेळ ठरवतो.

आता एखादी वस्तू जवळ येत आहे हे डोळ्याला कळते कसे, ते पाहू. आपल्या दिशेने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूची दृष्टिपटलावरील प्रतिमा प्रथम सावकाश वाढते आणि शेवटच्या क्षणी एकाएकी फुगते. बाजूने जाणाऱ्या चेंडूची प्रतिमा अशी फुगत नाही. हे फुगणे ओळखणारी खास चेतापेशी टोळाच्या मेंदूत असते. इंग्लंडमधील क्लेअर रिंड आणि पीटर सिमन्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टोळासमोर 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील दृश्ये दाखवली. अंगावर धावून येणारी याने दिसली की ही पेशी जोराने संदेश पाठवू लागे. टोळाला चित्रपटाची गोष्ट कळण्याचे काही कारण नव्हते. काहीतरी आपल्यावर आदळणार, एवढे मात्र त्या एका पेशीला कळत होते.

घरातली माशी हाताने मारण्याचा प्रयत्न आपण सर्वांनीच केला आहे आणि बहुतेक वेळा हात टेबलावरच आपटला आहे. फळमाशीवरील एक अभ्यास ग्विनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. माशीच्या उड्डाणाच्या सुमारे २०० सहस्रांश सेकंद आधीच तिची पूर्वतयारी सुरू होते, असे त्यांना अतिजलद चित्रीकरणात दिसले. धोका कोणत्या बाजूने येत आहे हे पाहून ती पाय सरकवते, अंग झुकवते आणि मग विरुद्ध दिशेला झेपावते. खसखशीच्या दाण्याहून लहान मेंदूत एवढे नियोजन होते! माणसाच्या अर्भकांतही याचे बीज दिसते. १९७१ साली बॉल आणि ट्रोनिक यांनी काही आठवड्यांच्या बालकांना वाढत जाणारी सावली दाखवली. सावली सरळ अंगावर येत असल्यासारखी वाढली की बाळे डोके मागे घेत व हात वर करत. ती बाजूने निघून जात असल्यासारखी दिसली की तसे करत नसत. चालणे, बोलणे, ओळखणे यांच्या पुष्कळ आधी ही शिकवण मेंदूत लिहिलेली असते.

सस्तन प्राण्यांत, म्हणजे आपल्यातही, हा निवाडा प्रामुख्याने मेंदूच्या मध्यभागी, मध्यमेंदूत होतो. मध्यमेंदूच्या छतावर दृष्टीशी संबंधित दोन लहान उंचवटे असतात. त्यांना सुपीरियर कॉलिक्युलस असे म्हणतात. डोळ्याकडून येणारे चेतातंतू तेथे थेट पोहोचतात. या उंचवट्यांच्या खाली, मेंदूतील द्रवाच्या नळीभोवती करड्या पेशींचा एक पट्टा असतो. उंचवट्यांनी पाहायचे आणि करड्या पट्ट्याने शरीराला कामाला लावायचे, अशी ही विभागणी आहे. 'मी बिबट्या पाहतो आहे' अशी स्पष्ट जाणीव ज्या बाह्यकात होते, त्या मेंदूच्या वरच्या थराची संमती येण्याची वाट ही यंत्रणा पाहत नाही.

२०१३ साली मेलिस यिल्माझ आणि मार्कस मायस्टर यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीच्या छतावरील पडद्यावर एक काळे वर्तुळ झपाट्याने मोठे होत गेले की खालचा उंदीर एक तर आसऱ्याकडे धूम ठोकी, किंवा जागच्या जागी गोठून जाई. वर्तुळ पांढरे असले, किंवा काळे असूनही लहान होत गेले, तर तसा परिणाम होत नसे. पिंजऱ्यात जन्मलेल्या, घार कधीही न पाहिलेल्या या उंदरांना झेपावणाऱ्या घारीची सावली कशी असते हे उपजतच ठाऊक होते.

लंडन येथील टिआगो ब्रांको यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली यापुढचे पाऊल टाकले. उंचवट्यांतील पेशींचा करड्या पट्ट्यातील पेशींशी असलेला जोड मुद्दाम कच्चा ठेवल्यासारखा आहे, असे तेथील संशोधकांना आढळले. एखाददुसरा संदेश त्यातून पलीकडे पोहोचत नाही. संदेशांचा जोर वाढत जाऊन एका पातळीच्या वर गेला तरच करडा पट्टा पेटतो आणि प्राणी पळतो. जणू ही धरणाच्या सांडव्याची उंचीच आहे. अंधुक, संदिग्ध सावली असेल तर पाणी सांडव्यापर्यंत चढायला वेळ लागतो. ठळक सावली असेल तर ते तत्काळ ओसंडते. दर हलणाऱ्या पानाला भिऊन प्राण्याने पळू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. हा 'सांडवा' आपण लक्षात ठेवावा, अशी माझी विनंती आहे; रुग्णांविषयी बोलताना त्याची गरज लागणार आहे.

याच प्रयोगशाळेने २०१७ साली आसऱ्याचे महत्त्वही दाखवून दिले होते. नव्या जागेत सोडलेल्या उंदराने आसऱ्याला एकदाच, तीही २० सेकंदांहून कमी वेळ भेट दिलेली असली, तरी सावली पडताच तो नेमका तिकडे धावतो. त्या क्षणी तो आसरा शोधत नाही, आठवतो. आणि जेथे आसराच नाही अशा जागी तोच उंदीर, त्याच सावलीखाली, पळण्याऐवजी गोठतो. येथे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. गोठणे म्हणजे पळण्यात आलेले अपयश नव्हे. मेंदूपाशी असलेला तो दुसरा, तितकाच जुना उपाय आहे. पुष्कळ शिकारी प्राण्यांना हालचाल चटकन दिसते. त्यामुळे जाण्यासारखी जागा नसेल तेव्हा न हलणे हेच शहाणपणाचे ठरते.

पळावे की गोठावे, याचा कल त्या प्राण्याच्या पूर्वजांच्या अधिवासावरही अवलंबून असतो. अमेरिकेतील रानउंदरांच्या दोन जवळच्या जातींवरील संशोधन २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दाट गवतात राहणारी जात सावली दिसताच पळते. उघड्या माळावर राहणारी, जिला लपायला जागा नसते ती, थबकते. डोळे दोघींचे सारखेच पाहतात. फरक आढळला तो मध्यमेंदूतील त्याच करड्या पट्ट्याच्या कामात. एक जात शूर आणि दुसरी भित्री, असा निष्कर्ष तेथे कोणी काढला नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण तो किती सहज काढतो!

आता माकडांकडे वळू. कोकणातील बागायतदारांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. डोक्यावर केसांची टोपी असलेले जे माकड आपल्या आंब्याच्या बागांत शिरते, त्याच जातीच्या माकडांवर दक्षिण भारताच्या जंगलांत रिचर्ड कॉस आणि उमा रामकृष्णन यांनी बिबट्याच्या प्रतिकृती दाखवून अभ्यास केला व तो २००० साली प्रसिद्ध केला. ठिपकेदार बिबट्या दिसताच माकडे जितक्या त्वरेने पळत, तितक्या त्वरेने काळ्या बिबट्याच्या प्रतिकृतीपुढे पळत नसत. अंगावरचे ठिपके हीच त्यांची धोक्याची खूण होती. माकडांच्या मेंदूत सापाच्या आकृतीला विशेष वेगाने प्रतिसाद देणाऱ्या पेशी असल्याचे जपानमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले आहे. फुरशांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला याचे नवल वाटू नये. एकोणिसाव्या शतकात येथे सरकारने फुरशी मारण्यासाठी बक्षीस लावले होते आणि लाखाहून अधिक फुरशी मारली गेली होती.

परंतु हीच माकडे आपल्याला आणखी एक धडा देतात. शेतात नवे बुजगावणे उभे केले की पहिले काही दिवस ती बिचकतात. मग एखादे धीट माकड जवळ येते, काही होत नाही असे पाहते, आणि थोड्याच दिवसांत बुजगावण्याच्या डोक्यावर बसून खाली आपल्याकडे बघते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा तोटा असला, तरी मेंदूच्या दृष्टीने ही मोठी करामत आहे. उपजत भयावर त्याने अनुभवाने मात केलेली असते.

ही मात मेंदूत नेमकी कोठे होते, याचे उत्तर लंडन येथील सारा मेदेरोस व सोन्या होफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ साली 'सायन्स' या नियतकालिकात दिले. मोठी होत जाणारी सावली वारंवार दाखवली, पण इजा कधीच झाली नाही, तर उंदीर हळूहळू पळेनासे होतात. हे शिकण्यासाठी दृष्टीशी संबंधित बाह्यकाची गरज असते. तेच जणू शिक्षक असते. मात्र एकदा शिकवून झाले की शिक्षक वर्गात नसला तरी चालते. धडा मेंदूच्या खोल भागातील एका लहान पेशीसमूहात साठवला जातो आणि तो समूह पलायनाच्या यंत्रणेला आवर घालतो. भय पुसले जात नाही. त्याच्यावर एक राखणदार बसवला जातो. भयविकारांवर नवे उपाय शोधण्यासाठी या शोधाकडे आज आशेने पाहिले जात आहे.

आता माणसाकडे येऊ. २००७ साली डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना संगणकावरील एका चक्रव्यूहात उतरवले. मागे लागलेल्या कृत्रिम शिकाऱ्याने गाठले की हाताला विजेचा सौम्य पण दुखरा धक्का बसे. शिकारी दूर होता तोपर्यंत कपाळामागचा, विचार करणारा मेंदूचा भाग अधिक काम करत होता. शिकारी जवळ येऊ लागला तसा कामाचा भार मध्यमेंदूतील करड्या पट्ट्याकडे सरकत गेला. संकट दोन हातांवर आल्यावर माणूस 'विचार' करत नाही, याचे कारण त्याच्या स्वभावात नसून त्याच्या मेंदूच्या रचनेत आहे. म्हणूनच अशा प्रसंगी काय करावे हे आधी मनात पक्के असणे उपयोगी पडते. बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून धावू नये, खाली वाकू नये, मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे. साप चावल्यास आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न दवडता तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात आणावे. ही वाक्ये मुलांकडून घरी म्हणवून घ्यावीत.

यावरून निघणारी पहिली गोष्ट अशी की, जो गोठला त्याला दोष देऊ नये. हे मी विशेषतः अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया व मुले यांच्याविषयी सांगत आहे. "ओरडली का नाही? प्रतिकार का केला नाही?" हा प्रश्न पोलीस ठाण्यात विचारला जाण्याआधी अनेकदा घरातच विचारला जातो. निसटायला वाट नसताना शरीर गोठते, आवाज फुटत नाही. ती संमती नसते आणि दुबळेपणाही नसतो. खाडीतल्या खेकड्याला बीळ होते. त्या मुलीला त्या क्षणी ते नव्हते.

दुसरी गोष्ट, संकट टळल्यानंतरच्या भयाविषयी. आपण सांडव्याची उंची लक्षात ठेवली आहे. मोठ्या आघातानंतर काही माणसांत हा सांडवा जणू खाली येतो. पान हलले, दार आपटले, मागून दुचाकी आली, एवढ्याने पाणी ओसंडते. छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास अडकतो. मेंदूत नेमके काय बदलते याचे चित्र उंदराच्या मेंदूइतके अद्याप स्पष्ट नाही. परंतु रुग्णाचा अनुभव हाच असतो. त्याला सारे जग बुजगावण्यांनी भरलेले दिसते आणि प्रत्येक बुजगावणे जिवंत वाटते. अशा माणसाला "घाबरू नकोस" असे सांगणे म्हणजे ओसंडणाऱ्या पाण्याला थांब म्हणण्यासारखे आहे.

त्याला उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. पहिली, खात्रीचा आसरा. ज्याला आपले बीळ ठाऊक असते तो उशिरा पळतो, कमी पळतो. आपल्या पाठीशी घर आहे, न रागावणारे माणूस आहे, दार बंद नसलेले रुग्णालय आहे, हे ज्याला ठाऊक असते त्याला धीर धरणे सोपे जाते. दुसरी, अनुभवाने शिकवणे. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सुरक्षित वातावरणात, रुग्णाच्या संमतीने, भीतीच्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे नेणे, ही मानसोपचारातील मान्यताप्राप्त पद्धत आहे. आवश्यक तेथे औषधांचीही जोड दिली जाते. घाई मात्र करू नये. माकडाला ढकलून कोणी बुजगावण्यावर बसवले नव्हते. ते स्वतःच्या पायांनी जवळ आले होते. आणखी एक सूचना. छातीत धडधड व घुसमट प्रथमच झाली असेल, तर ती 'मनाचीच' आहे असे घरी ठरवू नये. हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. मनाच्या त्रासाबाबत घरबसल्या सल्ल्यासाठी शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

देणगीदार आणि विश्वस्तांना शेवटी एवढेच निवेदन करावेसे वाटते. शस्त्रक्रियागृहातील यंत्र देणाऱ्याचे नाव भिंतीवर लागते. ते योग्यच आहे. परंतु जो रुग्ण भीतीने बाहेर पडेनासा झाला आहे, त्याच्याजवळ आठवड्यातून एक तास शांतपणे बसणाऱ्या समुपदेशकाचे वेतन, दूरच्या वाडीवरून येणाऱ्या त्या रुग्णाचे एस. टी. भाडे, तपासणी कक्षाबाहेर त्याच्या आईला बसायला एक बाक, यांची नोंद वार्षिक हिशेबात लहानशा ओळीत होते. त्या लहान ओळी म्हणजेच पळणाऱ्याला आठवणारा आसरा आहे. त्या ओळींसाठी पुढील वर्षी आपण थोडी अधिक तरतूद करावी, अशी नम्र विनंती करतो.